अंगण वाकडं की पाऊल वाकडं?

दिल्लीत आयएनए मार्केटच्या शेजारच्या, झाशीच्या राणीचं नाव असलेल्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमधून एखादी मुलगी लांबट पेटी घेऊन तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंजकडे निघते, तेव्हा त्या पेटीत बहुधा घरातल्या कर्त्या माणसाच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम असते. परदेशी बनावटीची स्पर्धेची एअर रायफल आज दोन-तीन लाखांच्या घरात जाते. जॅकेट, पँट, बूट, हातमोजा यांचा खर्च वेगळा. एवढं करून क्लबाच्या जुन्या, हजार हात लागलेल्या रायफलीवर साठ गोळ्यांत 610 गुण मिळवणारी मुलगी नव्या कोऱ्या रायफलीवर 600 ला अडकते, तेव्हा घरात आणि रेंजवर एकच प्रश्न उभा राहतो: बंदुकीत दोष आहे का? मग उपाय सुरू होतात. पेलेट बदलून पाहायचे, साइट दोन क्लिक फिरवायची, गालाची पट्टी वर घ्यायची, बटप्लेट खाली सरकवायची, ट्रिगर हलका करायचा, कोणी सांगितलं म्हणून नळी साफ करायची. तीन आठवड्यांत इतक्या गोष्टी बदललेल्या असतात की मूळ दुखणं कोणतं होतं आणि कोणत्या औषधाने कोणता अपाय झाला, हे कोणालाच सांगता येत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. लक्ष्यावरचं छिद्र चूक झाली एवढंच सांगतं. ती चूक कोणाची, हे त्या छिद्रात कुठेही लिहिलेलं नसतं. नेमबाजाने गोळी सुटताच, पडद्याकडे पाहण्याआधी, ती कुठे लागली असेल ते सांगायचं आणि प्रत्यक्ष कुठे लागली ते पाहायचं. या दोहोंमधल्या अंतरातच बंदुकीचा दोष सापडतो. रेंजवर याला ‘शॉट कॉल करणं’ म्हणतात. नव्या रायफलीच्या पहिल्या महिन्यात हेच सगळ्यांत उपयोगी हत्यार आहे आणि सगळ्यांत घातक हत्यार आहे पेटीत फुकट आलेली ॲलन की.

आधी थोडं गणित करू, कारण या विषयात भावनेपेक्षा मिलिमीटर जास्त कामाचे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट साडेचार मिलिमीटरचा. पेलेटची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. दशांशात मोजायचं तर प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश गुण. या हिशेबाने 610 गुणांची मुलगी मध्यापासून सरासरी दोन मिलिमीटरवर मारत असते आणि 600 ला आली की सुमारे 2.4 मिलिमीटरवर. म्हणजे सगळं रडगाणं 0.4 मिलिमीटरचं आहे. पण चुका एकमेकींत सरळ मिळवल्या जात नाहीत. हाताची चूक कधी डावीकडे, बंदुकीची कधी वर; त्या वर्गांच्या बेरजेने वाढतात. दोनचा वर्ग चार, 2.4 चा वर्ग 5.76. फरक 1.76, त्याचं मूळ सुमारे 1.3. जुन्या रायफलीचं स्वतःचं विखुरणंही यात धरलं, तर हे सगळं नव्या बंदुकीच्याच माथी मारण्यासाठी ती बंदूक एकटीच, माणसाचा हात न लागता, सरासरी दीड मिलिमीटर भरकटत असली पाहिजे. अशा बंदुकीने व्हाइसमध्ये (बंदूक घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) आवळून पाच गोळ्या मारल्या तर टोकाच्या दोन छिद्रांच्या मध्यांत जवळपास चार मिलिमीटरचं अंतर दिसेल, बाहेरच्या कडा धरल्या तर आठच्या वर. आता रायफलीबरोबर कारखान्यातून आलेलं चाचणीचं कार्ड काढून पाहा. त्यावर सहसा सगळ्या गोळ्यांचं मिळून एकच छिद्र असतं, पेलेटपेक्षा किंचित मोठं. कारखान्यातून निघालेली बंदूक वाटेत इतकी बिघडली असेल, तर तो बिघाड दहा मिनिटांच्या चाचणीत उघडा पडतो. त्यासाठी तीन आठवडे अंदाज बांधत बसावं लागत नाही.

कार्डावर विसंबू नये, कारखानदार स्वतःचीच तारीफ करणार, असा आक्षेप लगेच येईल. तो अर्धा खरा आहे. कार्ड पाच गोळ्यांचं असतं आणि पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, फार अविश्वासू साक्षीदार असतो. एखाद्या बंदुकीचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी दहा मिलिमीटरचा असेल, तर काहीही न बदलता एकदा तो सातचा येईल आणि एकदा तेराचा. यात नवल काही नाही, हा निव्वळ योगायोगाचा पसारा आहे. त्याच बंदुकीतून पाचऐवजी दहा गोळ्या मारल्या तर ग्रुप सरासरीने सुमारे चौथ्या हिश्शाने मोठा येतो, बंदूक तीच राहूनही. पण ही टीका कार्डापेक्षा आपल्या रेंजवरच्या सवयीलाच जास्त लागू पडते. नव्या रायफलीचा मालक एका जातीच्या पेलेटचे पाच मारतो, ग्रुप तेराचा; दुसऱ्या जातीचे पाच मारतो, ग्रुप सातचा; आणि दुसरा पेलेट ‘या बंदुकीला सूट होतो’ असं जाहीर करतो. पुढच्या रविवारी निकाल उलटा येतो, मग हवामानाला दोष दिला जातो. फरक सांगायचा असेल तर दोन्ही जातींचे निदान तीस-चाळीस पेलेट, एकाच दिवशी, आलटून पालटून मारायला हवेत. एवढा धीर नसेल तर निकालही सांगू नये.

साइटच्या बाबतीत ही अधीरता आणखी महाग पडते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग कारखान्यांच्या व्यवस्थापकांना नरसाळ्याचा एक प्रयोग दाखवत असत. नरसाळ्यातून गोटी खाली ठरलेल्या खुणेवर सोडायची. ती जितकी चुकेल तितकं नरसाळं उलट बाजूला सरकवायचं आणि पुढची सोडायची. वाटतं की नेम सुधारेल. प्रत्यक्षात गोट्या जास्त विखुरतात. विखुरण्याचा वर्ग दुप्पट होतो, म्हणजे पसारा सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. कारण प्रत्येक गोटीच्या चुकीत बराचसा भाग योगायोगाचा असतो आणि आपण तो योगायोग नरसाळ्यात कायमचा बसवत जातो. प्रत्येक गोळीनंतर साइटला हात घालणारा नेमबाज हेच करतो. साइट हलवायची ती दहा गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य पाहून, आणि ग्रुप कुठे पडला हा प्रश्न ग्रुप किती मोठा आहे या प्रश्नापासून वेगळा ठेवून. ग्रुप घट्ट पण डावीकडे, हा आजारच नव्हे. दोन क्लिकचं काम आहे. ग्रुप मध्यावर पण पसरलेला, हा खरा आजार, आणि साइटच्या बटणाने तो कधीच बरा होत नाही.

आता मुख्य हत्याराकडे येऊ. गोळी सुटते त्या क्षणी पुढच्या साइटच्या रिंगमध्ये काळा गोल कुठे होता, हे नेमबाजाच्या डोळ्याने पाहिलेलं असतं. त्यावरून तो सांगतो: ‘नऊ, तीन वाजता’. पडद्यावर गोळी नऊला तीन वाजताच दिसली, तर बंदुकीने सांगितलेलं काम चोख केलं. चूक नेमबाजाची होती. त्याने ‘मधला दहा’ म्हटलं आणि गोळी आठला सात वाजता गेली, तर बंदूक, पेलेट, साइट किंवा अंगाची ठेवण यांच्यापैकी कोणीतरी नेमबाजाशी खोटं बोलतंय. पन्नास-साठ गोळ्यांची अशी वही ठेवली की चित्र साफ होतं. कॉल आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर कधी इकडे कधी तिकडे असेल तर विखुरणं बंदुकीचं किंवा पेलेटचं असण्याची शक्यता वाढते. ते सतत एकाच दिशेला असेल तर साइट झिरो झालेली नाही, किंवा ट्रिगर दाबताना नेमबाज नकळत ढकलतोय. आणि कॉलही वाईट, निकालही तितकाच वाईट, तर बंदुकीला सोडून द्यावं. ‘स्कॅट’सारखं इलेक्ट्रॉनिक यंत्र नळीवर लावलं की हीच गोष्ट आलेखात दिसते, नळीचा रोख गोळी सुटण्याच्या क्षणापर्यंत कसा हलला ते पडद्यावर रेघेसारखं उमटतं. पण यंत्र नसलं म्हणून अडत नाही. वही आणि पेन्सिल क्वार्टरच्या घरातही असतात.

नव्या नेमबाजाला कॉल करताच येत नाही, मग ही कसोटी त्याच्या काय कामाची, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नवख्याचा कॉल खरोखर कच्चा असतो. गोळी सुटताना त्याने डोळे मिटलेले असतात किंवा मान उचलून पडद्याकडे वळवलेली असते. पण मग हाच निदानाचा पहिला निकाल आहे. ज्याला आपली गोळी कुठे गेली हे माहीत नाही, त्याला बंदूक वाईट आहे हेही माहीत असू शकत नाही. अशा वेळी दुसरा, कॉल पक्का असलेला नेमबाज तीच रायफल हातात घेऊन, स्वतःच्या उंचीप्रमाणे फारसं काही न फिरवता, बसून किंवा टेकूवर वीस गोळ्या मारून पाहू शकतो. आणि उलट, मुलीने आपली जुनी क्लबाची रायफल त्याच दिवशी, त्याच लेनमध्ये पुन्हा हातात घ्यावी. बंदूक बदला, माणूस तोच ठेवा. माणूस बदला, बंदूक तीच ठेवा. दोन्ही बाजूंनी झालेली ही अदलाबदल निम्म्या संशयितांना बाहेर काढते, आणि तिला खर्च काही नाही. जुनीवरही 600 च आले तर विषय तिथेच संपतो. परीक्षा, झोप, थंडी, वाढत्या वयात चार महिन्यांत वाढलेली उंची, कारण काहीही असेल, पण ते पेटीत नाही.

बहुतेक वेळा मात्र जुनीवर गुण परत येतात, आणि तेवढ्यावरून नवी दोषी ठरवली जाते. इथे घाई होते. जुनी रायफल अंगाला बसलेली होती. नवी बसवायची आहे. दोन रायफलींत फरक फक्त नळीचा नसतो. खांद्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर, गालपट्टीची उंची, वजनाचा तोल पुढे की मागे, ट्रिगरचा पहिला आणि दुसरा टप्पा, साइट डोळ्यापासून किती दूर, सगळंच बदलतं. यात गालपट्टी ही माझ्या मते पहिली संशयित. डोळा मागच्या साइटच्या भोकाच्या बरोबर मागे आपोआप यायला हवा. गाल दाबून किंवा मान ताणून आणावा लागत असेल, तर पहिल्या दहा गोळ्या उत्तम जातील आणि चाळिसाव्या गोळीला मान थकून डोळा किंचित सरकेल. पुढची रिंग आणि काळा गोल एकात एक दिसतील, नेमबाज ‘दहा’ म्हणेल आणि गोळी दुसरीकडे जाईल. म्हणजे कॉलच्या कसोटीवर दोष बंदुकीचा दिसेल, पण तो असेल मानेचा. यासाठी वहीत गोळीचा क्रमांकही हवा. अंतर शेवटच्या तिसऱ्या हिश्शात वाढत असेल तर दोष थकव्याचा, म्हणजे बसवणुकीचा. नळी काही चाळिसाव्या गोळीला थकत नाही. (बारा वर्षांच्या मुलीला साडेपाच किलोची रायफल जशीच्या तशी देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं, साडेपाच किलो ही नियमातली कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे.)

दुसरा संशयित तिरकेपणा. रायफल एका बाजूला कलली की पेलेटचा मार्गही कलतो. दहा मीटर जाताना पेलेट गुरुत्वाकर्षणाने साधारण पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो आणि साइट ते भरून काढते. पाच अंश कलली की त्या भरपाईचा काही भाग आडवा जातो, सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे सहा दशांश गुण. पन्नास मीटरवर पॉइंट टू टूच्या (0.22 इंची) गोळीची घसरण बारा-तेरा सेंटिमीटरची असते, तिथे तेवढाच कल एक सेंटिमीटरहून जास्त चुकवतो, म्हणजे एका वर्तुळापलीकडे. कल नेहमी सारखा असेल तर बिघडत नाही, साइट जुळवून घेते. जुन्या रायफलीवर अनेक नेमबाज वर्षानुवर्षं ठरावीक कल घेऊन उत्तम मारतात. नवीवर तो अजून ठरलेला नसतो, रोज वेगळा येतो, आणि डावा-उजवा पसारा वाढतो. तिसरी गोष्ट, शरीराचा नैसर्गिक रोख: पोझिशन घेऊन डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि उघडावेत, नळी लक्ष्यावर नसेल तर स्नायूंनी ती ओढून ठेवलेली होती. नवीन वजनाच्या बंदुकीबरोबर पावलं पुन्हा मांडावी लागतात. हे सगळं कंटाळवाणं आहे. पेलेटचा नवा डबा आणणं त्यापेक्षा सोपं, म्हणून दुकानं चालतात.

पोझिशनचं वजन किती, हे पाहायला प्रयोगशाळा नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर 198, झोपून 197 आणि उभ्याने 195 असे 590 गुण मिळवून सातवा आला आणि 1 ऑगस्टला 451.4 गुणांनी त्याने कांस्यपदक जिंकलं. जगातल्या सर्वोत्तम आठांतल्या माणसाचेही उभं राहिल्यावर गुण घटतात. हात तेच असतात, उभं राहिल्यावर शरीराखालचा पाया तेवढा लहान होतो. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. त्याच 2004 साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी एअर रायफलमध्ये 400 पैकी 400 मारले, आणि 2010 मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने पन्नास मीटर प्रोनमध्ये (झोपून) 597 गुणांसह विश्वविजेतेपद मिळवलं. महाराष्ट्राच्या रायफल परंपरेचा आकडा काढायचा तर तो पोझिशन शिकवणाऱ्या प्रशिक्षकांमध्ये शोधावा लागतो, दुकानात नव्हे.

मग हेच अव्वल नेमबाज पेलेटचे लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेले पेलेट, तपासायला इतका वेळ आणि पैसा का घालतात? वरचाच हिशेब पुढे नेला की उत्तर मिळतं. समजा बंदूक आणि पेलेट मिळून 0.7 मिलिमीटर भरकटतात आणि चांगला लॉट निवडून ते 0.5 वर आणलं. 600 गुणांच्या मुलीला याचा फायदा साठ गोळ्यांत एक-सव्वा गुण. 630 मारणाऱ्या आंतरराष्ट्रीय नेमबाजाला मात्र अडीच-पावणेतीन गुण, आणि त्याच्या पातळीवर अंतिम फेरीचं दार दशांशांवर उघडतं किंवा बंद होतं. हात जितका स्थिर, तितका बंदुकीचा वाटा मोठा. म्हणून रुद्रांक्ष पाटीलसारखा विश्वविजेता पेलेट निवडून वापरतो म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करावी, हा तर्क उलटा आहे. तो त्या पायरीवर पोहोचल्यावर निवडतो. पन्नास मीटरची गोष्ट अर्थातच वेगळी. एअर रायफलच्या पेलेटचा वेग सेकंदाला एक मीटरने बदलला तर दहा मीटरवर जेमतेम 0.2 मिलिमीटरचा फरक पडतो. पॉइंट टू टूच्या गोळीचा वेग एका टक्क्याने बदलला तर पन्नास मीटरवर उभा फरक अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तीन दशांश. ही काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत, त्यामुळे लॉट निवडणं एवढंच हातात राहतं. युरोपातले नेमबाज रायफल घेऊन थेट कारखान्याच्या चाचणी रेंजवर जातात. आपल्याकडे परवाना आणि आयात यांच्या वाटेने जे मिळेल त्यात भागवावं लागतं, शिवाय दिल्लीत जानेवारीच्या सकाळचे सहा-सात अंश आणि मे महिन्यातले बेचाळीस यांत एकच काडतूस सारखं वागत नाही. पन्नास मीटरच्या नेमबाजाने दारूगोळ्यावर संशय लवकर घेतला तर मी त्याला दोष देणार नाही. दहा मीटरवाल्याने घेतला तर देईन.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण नेहमी नाचणारीला टोमणा मारायला वापरतो. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. अभिनव बिंद्रा 2004 मध्ये अथेन्सला पात्रता फेरीत तिसरा होता आणि अंतिम फेरीत सातवा आला. आपण उभे होतो तिथली फरशी सैल होती, हे नंतर कळल्याचं त्याने सांगितलं आहे. चार वर्षांनी बीजिंगला अंतिम फेरीआधीच्या सरावात त्याच्या गोळ्या लक्ष्याच्या मध्यापासून कितीतरी दूर गेल्या. साइट हललेली होती, कोणीतरी हलवली असावी असं त्याचं म्हणणं. त्याने ती जागेवर आणली आणि 700.5 गुणांनी सुवर्ण जिंकलं. अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सच्या रायफलीशी 2004 मध्ये ऑलिंपिकच्या काही महिने आधी कोणीतरी खोडसाळपणा केला होता. त्याने अँबर डार्लंड या सहकारी नेमबाजाची रायफल उसनी घेऊन अथेन्सला प्रोनचं सुवर्ण मिळवलं. 25 जुलै 2021 ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, वेळ गेला, 575 गुणांवर ती बारावी राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

ही उदाहरणं माझ्या म्हणण्याविरुद्ध जातात, असं वरकरणी वाटेल. ती त्याच्या बाजूची आहेत. बिंद्राने सरावाच्या मोजक्या गोळ्यांत साइट हलली आहे हे ओळखलं, कारण आपली गोळी कुठे जायला हवी होती हे त्याला आधीच ठाऊक होतं. कॉल आणि निकाल यांच्यातली दरी अचानक आणि मोठी होती, त्याच्या नेहमीच्या पसाऱ्यात न बसणारी. ज्या मुलीची नेहमीची दरी किती हेच नोंदलेलं नाही, तिची साइट कोणी हलवली तरी तिला ते पंधरा दिवस कळणार नाही. ती पेलेट बदलत बसेल. एमन्सच्या उसन्या रायफलीने तर अदलाबदलीच्या कसोटीचा दुसरा अर्धा भागच सिद्ध केला: नेमबाज पक्का असेल आणि बंदूक सुस्थितीत असेल, तर बंदूक आपली नसूनही सुवर्ण मिळतं. आणि सैल फरशी? ती ना बंदुकीत ना नेमबाजात. म्हणून निदान पक्कं करताना लेनही एकदा बदलून पाहावी.

तेव्हा बंदूक कधीच दोषी नसते असं मी म्हणत नाही. नव्या रायफलीत खरोखर सापडणारे दोष थोडे आणि ओळखीचे आहेत. नळीचा भाग दस्त्याला धरून ठेवणारे स्क्रू प्रवासात सैल झालेले असतात. ते उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या बळाने, टॉर्क पान्याने आवळायचे, अंगच्या जोराने नव्हे. साइटचा पाया रुळावर पक्का बसलेला नसतो. पुढची रिंग फार लहान निवडलेली असते, काळ्या गोलाभोवती पांढरी किनार नीट दिसत नाही आणि डोळा दर वेळी वेगळा अंदाज करतो. हवेचं सिलिंडर कमी दाबावर गेलं की वेग ढासळतो. पण मग गोळ्या हळूहळू खाली सरकतात, चारी दिशांना पसरत नाहीत. नळीच्या तोंडाच्या कडेला मार लागलेला असतो, पण हे क्वचितच. हे पाहायला अर्धा तास लागतो आणि ते पहिल्याच दिवशी, एकदाच, क्रमाने पाहून वहीत लिहून ठेवावं. त्यानंतर हात आवरावा. महिन्याभरात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर निदान दोनशे गोळ्या तिला द्यायच्या. नळी साफ केल्यानंतरच्या पहिल्या काही गोळ्या मोजणीत धरायच्या नाहीत.

महिना कुठून आणायचा, राज्याची स्पर्धा पंधरा दिवसांवर आहे, असं पालक म्हणतात, आणि वॉरंटीचा काळही संपत असतो. स्पर्धेचं उत्तर सोपं: जुनी रायफल घेऊन खेळा. पंधरा दिवसांत नवी बंदूक अंगाला बसवण्याची घाई करणाऱ्याला बंदूक आणि स्पर्धा दोन्ही हुकतात. वॉरंटीचं उत्तर त्याहून सोपं: विक्रेत्याकडे तक्रार करताना ‘गुण येत नाहीत’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्याला कोणीही खोडू शकतो. ‘व्हाइसमध्ये, एकाच लॉटचे वीस पेलेट, ग्रुप इतका, दुसऱ्या नेमबाजाच्या हाती टेकूवर वीस, ग्रुप इतका, कारखान्याच्या कार्डावर इतका’ अशी तक्रार खोडता येत नाही. पहिल्या आठवड्यात हे आकडे हाती आले तर उरलेल्या वॉरंटीचा उपयोग होतो.

व्हाइसच्याही मर्यादा आहेत हे मान्य. चुकीच्या जागी आवळलं तर तो दस्ता वाकवतो, आणि खांद्याशी जुळलेली बंदूक व्हाइसमध्ये थोडी वेगळी वागू शकते. पण दहा मीटरवर ती बंदूक भरकटते की नाही, एवढ्या एका प्रश्नाला त्याचं उत्तर भरवशाचं असतं, आणि घरादाराची भांडणं नेमकी त्याच एका प्रश्नावर होतात. व्हाइस मात्र प्रत्येकाकडे नसतो, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या मावळंकर स्पर्धेसाठी दिल्ली-महाराष्ट्रातली मुलं नव्या रायफली घेतात. त्यांच्यासाठी तुघलकाबादच्या, पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या रेंजवर महिन्यातून एक ठरलेला दिवस असावा: व्हाइस, टॉर्क पाना, वेग मोजण्याचं यंत्र आणि एक जाणता माणूस, कोणत्याही नेमबाजाला नाममात्र शुल्कात. क्लबांना वर्गणी काढूनही हे जमेल. तोवर ज्यांच्या घरात नवी पेटी आली आहे त्यांनी ॲलन की कपाटात ठेवावी आणि आधी एक वही आणावी.